सर, वर्ग बघा

नवीन बाई खडू आणायला कार्यालयात गेली होती. गेली आणि आली. मध्ये फार तर पेलाभर पाणी पिण्याएवढा वेळ गेला असेल. परत येते तो काय, पाचवीच्या दारात बाक आडवा घातलेला! बाकावर दोन मुलं घोड्यावर बसल्यासारखी बसलेली, फळ्यावर कुणीतरी तिचं चित्र काढलेलं, त्यात नाक भलंमोठं, आणि अख्खा वर्ग त्या नाकाकडे बघून पोट धरधरून हसतोय. आता तुम्हीच सांगा, संताप येईल की नाही?

आला. असा आला की हातातला खडू मोडला. तशी ती मुळातच तापट. घरी मोठा भाऊ तिला आगपेटी म्हणायचा. शाळेत नोकरी लागली तेव्हा पहिला शेरा त्याचाच होता, "पोरांचं काही खरं नाही आता." पोरांचं उत्तम चाललं होतं हो. काही खरं नव्हतं ते हिचं. 'मुलांच्या डोळ्यांत बघून बोला, आवाज चढवू नका,' असलं गोड गोड शिकवून ज्यांनी तिला शिक्षिकेची पदवी दिली होती, त्यांना एकदा या खोलीत आणून कोंडावं असं तिला रोज वाटायचं. डोळ्यांत बघा म्हणे! डोळे एका जागी थांबतील तर ना! पहिल्या महिन्यातच तिचा घसा बसला. संध्याकाळी घरी गेली तरी आवाज खाली यायचा नाही. आई म्हणायची, "अगं, हळू. मी बहिरीही नाही आणि पाचवीतही नाही."

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेनं, पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "वर्षभर बघू. वर्ग ताब्यात आला तर कायम करू." ताब्यात! जसा काही वर्ग म्हणजे सुटलेला बैल. आणि मोठ्या बाई दर तासाला व्हरांड्यातून चपला वाजवत जायच्या, नेमक्या पाचवीच्या दारापाशी रेंगाळायच्या, आत बघायच्या आणि काही न बोलता पुढे जायच्या. ते न बोलणं बाईच्या जास्त जिव्हारी लागायचं.

त्या सगळ्या गोंधळात एकच पोर अशी होती की जिच्यामुळे नोकरी सोडू नये असं वाटायचं. पुढच्या बाकावर बसायची. बसायची म्हणजे काय, तिला बसता येतच नव्हतं. कधी पाय वर, कधी गुडघ्यावर उभी, कधी बाकाखाली पेन्सिल शोधतेय. सगळे तिला खारूताई म्हणायचे, आणि हळूहळू बाईसुद्धा म्हणायला लागली. धडा कुठलाही असो, हिचा हात वर. "बाई, माशांना घाम येतो का?" "बाई, आपण झोपतो तेव्हा आवाज कुठे जातो?" बाई वरवर रागवायची, "आधी समोरचं वाक्य पुरं कर, मग जगाची काळजी कर." पण घरी गेल्यावर आईला पहिलं तेच सांगायची.

तर त्या दिवशी, बाक आडवा घातलेला असताना, पलीकडून गणिताच्या बाई आल्या. निवृत्तीला आलेल्या, बुटक्या, आवाज कापसासारखा मऊ. त्यांनी नुसतं त्या दोन घोडेस्वारांकडे पाहिलं. बाक बाजूला झाला. मग नवीन बाईचा दंड धरून त्या तिला खिडकीपाशी घेऊन गेल्या.

"तुला कुणी सांगितलं नाही का गं या खोलीचं?"

"काय सांगायचं?"

"पद्धत आहे एक. वर्ग आवरेनासा झाला ना, की दारात उभं राहायचं, आपल्या खुर्चीकडे बघायचं आणि म्हणायचं, 'सर, वर्ग बघा.' मग दार ओढून घ्यायचं आणि जाऊन निवांत चहा प्यायचा. आलीस की वर्ग गप्प."

"कोण सर?"

"सर म्हणजे सर. होते पूर्वी इथे. नावाला घाबरतात मुलं. या खोलीत शिकवलेल्या सगळ्याजणींनी हेच केलंय."

"पण खुर्ची तर रिकामी..."

"मग तुझं काय जातंय?" गणिताच्या बाई हसल्या आणि निघून गेल्या.

नवीन बाईनं ते हसण्यावारी नेलं. पण चारआठ दिवसांनी एका दुपारी तिची सहनशक्ती संपली. कुणीतरी शाईची बाटली उपडी केली, कुणी कुणाच्या केसात गोंद लावला, ती ओरडतेय आणि कुणाचं लक्षच नाही, आणि बाहेर मोठ्या बाईंच्या चपला वाजतायत. ती तरातरा दारात गेली. रिकाम्या खुर्चीकडे बघून, दातओठ खात, जवळजवळ थुंकल्यासारखी ती म्हणाली, "सर, वर्ग बघा!" आणि दार आपटलं.

आवाज तुटला.

मुलं गप्प बसली तरी एरवी कुणीतरी खोकतं, कुणाची पट्टी पडते, बाक करकरतो. इथे काहीच नाही. भांड्यावर झाकण ठेवावं तसं झालं. बाई दाराबाहेर उभी राहिली, कान देऊन. आतून फक्त बारीक आवाज येत होता, लाकडावर लाकूड टेकवल्याचा. टक्... टक्... अगदी सावकाश. खिडकीची कडी निघाली असेल, तिनं मनाशी म्हटलं, आणि ती चहा प्यायला गेली.

परत आली तेव्हा सगळी मुलं सरळ बसलेली, नजर समोर. खोलीत कसलासा वास होता. कपाटात वर्षानुवर्षं घडी करून ठेवलेल्या कोटाचा, डांबराच्या गोळ्यांचा. तिनं खिडक्या उघडल्या आणि धडा सुरू केला. आणि उगाच खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला. पहिल्यांदाच तिला या वर्गात स्वतःचा आवाज ऐकू आला होता.

एकदा चालतंय म्हटल्यावर माणूस थांबतो होय? आधी आठवड्यातून एकदा, मग दिवसाआड, मग रोज. सकाळी वर्ग जरा कुजबुजला की "सर, वर्ग बघा." डोकं दुखतंय, "सर, वर्ग बघा." वह्या तपासायच्या राहिल्यात, "सर, वर्ग बघा." तिचा घसा बरा झाला. मोठ्या बाई दारापाशी थांबून चक्क हसल्या आणि म्हणाल्या, "जमलं की तुम्हाला!" घरी भाऊ म्हणाला, "आगपेटी सादळली वाटतं." तीही हसली. आई तेवढी एकदा म्हणाली, "हल्ली तू त्या खारूताईचं काही सांगत नाहीस गं."

खरंच, सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. खारूताई प्रश्न विचारत नव्हती. बाकावर दोन्ही पाय जमिनीला टेकवून, पाठीचा कणा ताठ करून बसायची. अक्षर मात्र बिघडलं होतं. पेन्सिल मुठीत धरल्यासारखी धरायची. बाई एकदा तिच्यावर डाफरली, "हे काय अक्षर आहे? कोंबडीनं उकरल्यासारखं! हात काय मोडलाय का?"

पोरीनं हात मागे घेतला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आई आली. शिवणकाम करणारी बाई, गळ्यात अजून माप घ्यायची फीत तशीच. तिनं नमस्कार केला नाही, चढ्या आवाजात बोललीही नाही. मुलीचा हात धरून बाईसमोर केला आणि रुमाल सोडला.

तळहातावर आडवे वळ होते. जुने, त्यांच्यावर नवे, त्यांच्यावर आणखी नवे. मध्ये एका जागी साल निघाली होती.

"मी हिला आजवर चापट मारली नाही," आई म्हणाली.

"मी... अहो, मी नाही मारलं. शपथ घेऊन सांगते. मी कधीच..."

"बाईंनी नाही मारलं," खारूताई पुटपुटली. "बाई वर्गात नसतात तेव्हा."

"मग कोण असतं वर्गात?" आईनं विचारलं. मुलीला नाही, बाईला विचारलं.

 आईनं रुमाल पुन्हा बांधायला घेतला. "मी मुलगी तुमच्या हवाली केलीय," ती म्हणाली. "तुमच्या. दुसऱ्या कुणाच्या नाही." आणि फीत सारखी करत निघून गेली.

बाई पोरीसमोर खाली बसली.

"का मारतात गं?"

"हलते म्हणून."

"रोज?"

खारूताईनं मान हलवली. "रोज नाही... तुम्ही जाता तेव्हाच."

एवढं ऐकल्यावर बाईच्या अंगाची लाही लाही झाली. स्वतःचा राग आला, आलाच. पण स्वतःला शिव्या द्यायला पुढे आयुष्य पडलं होतं. आत्ता तिला गणिताच्या बाई हव्या होत्या. त्या शिक्षकांच्या खोलीत चष्मा पुसत बसल्या होत्या.

"कोण आहेत हे सर?"

"हळू बोल."

"नाही बोलणार हळू! त्या मुलीचा हात फाटलाय. कोण आहेत?"

गणिताच्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, दार लोटून घेतलं आणि अगदी हलक्या आवाजात सांगायला लागल्या. आवाजात तक्रार नव्हती. उलट जरा अभिमानच होता.

"मी याच शाळेत शिकले. पाचवीत होते, याच खोलीत. सर काळा कोट घालायचे, उन्हाळ्यातसुद्धा. एकदा सकाळी पहिल्या तासाला आले, म्हणाले, 'हात पुढे. हलायचं नाही.' आणि खुर्चीत बसले. बसले ते बसलेच. मान थोडी खाली गेलेली, डोळे उघडे. आम्हाला वाटलं, बघतायत. मधल्या सुट्टीची घंटा झाली. कुणी उठलं नाही. एका मुलीला जागेवरच शू झाली, तिनंही हूं केलं नाही. तेव्हाच्या मोठ्या बाई दारावरून गेल्या, आत डोकावल्या आणि 'वा!' म्हणाल्या... शाळा सुटली. सगळ्या शाळेची मुलं घरी गेली. आम्ही तसेच. झाडायला शिपाईमामा आले तेव्हा कळलं, सर सकाळीच गेले होते."

"आणि तुम्ही?"

"आम्ही काय? आमचे हात पुढेच होते." त्या हसल्या. पण बोलता बोलता त्यांचे दोन्ही हात मांडीवरून उठले होते आणि तळवे वर करून हवेत थांबले होते. त्यांचं त्यांच्याकडे लक्षही नव्हतं.

"तुम्ही तिथे बसला होतात," बाई म्हणाली.  "तुम्हाला हे सगळं माहीत होतं. आणि तुम्ही मला सांगितलंत, चहा पिऊन ये?"

"आम्ही काय मेलो का मार खाऊन? चांगले मार्गाला लागलो."

"साल निघालीय तिच्या हाताची!"

"मग हलू नये ना तिनं."

बाईनं टेबलावरचा चहाचा कप उचलला आणि भिंतीवर फेकला. खरंच फेकला. मग तशीच मोठ्या बाईंकडे गेली, आणि मोठ्या बाईंनी काय सांगावं? "हे बघा, पालकांशी मी बोलते. पण तुमचा वर्ग आज शाळेत सगळ्यात शांत आहे. असल्या गोष्टी लेखी देऊ नका, तुमच्याच अंगाशी येतील." वर, "दार लावून घ्या जाताना."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांनी आपापला चहा शांतपणे प्यायला होता. पोरांच्या तळहातांवर शांतता विकत घेतली होती या लोकांनी, आणि वर तिला शिस्त म्हणत होते. बाईनं ठरवलं, ते शब्द पुन्हा तोंडातून काढायचे नाहीत. आकाश कोसळलं तरी तास संपेपर्यंत वर्गाबाहेर पाऊल टाकायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गाचं दार आतून लावलं, कडी घातली. भर सकाळ, खिडक्यांतून ऊन आत आलेलं. ती झाडाच्या पानाचं चित्र काढून शिरा कुठून कुठे जातात ते सांगत होती. मागच्या बाकांवर थोडी कुजबूज सुरू झाली. तिला बरं वाटलं.

कुजबूज थांबली.

बाकांचा आवाज झाला. तिनं वळून पाहिलं. सगळा वर्ग उभा होता. कुणी बाहेरून आत आल्यावर मुलं उभी राहतात, तसा. पण मुलं तिच्याकडे बघत नव्हती. दाराकडे बघत होती. दाराला कडी होती. मग सगळ्यांच्या नजरा एकदम हलल्या. दारापासून हळूहळू फळ्याकडे... फळ्यावरून टेबलाकडे... टेबलामागे. तिथे थांबल्या. डांबराच्या गोळ्यांचा वास आला आणि खुर्ची कुरकुरली, वजन पडल्यावर कुरकुरते तशी.

"बसा," बाई म्हणाली. "मी सांगतेय ना... बसा खाली."

कुणी बसलं नाही. तिचं कुणाला ऐकूच गेलं नव्हतं.

टक्... टक्... टेबलाच्या कडेवर आवाज झाला. तेव्हा खारूताई बाकाबाहेर आली. चालता चालता ती हाताला बांधलेली पट्टी स्वतःच सोडत होती, तिच्या आईनं बांधलेली. नीट गुंडाळली, खिशात ठेवली आणि टेबलापुढे जाऊन हात लांब केला. डोळे मिटून घेतले.

बाईनं मध्ये उडी घेतली. पोरीचा तळहात आपल्या दोन्ही हातांत झाकला, आणि त्याच क्षणी तिच्या हाताच्या पाठीवर फटका बसला. समोर काही नव्हतं. ऊन होतं, रिकामी खुर्ची होती. फटका मात्र असा की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"सर..." ती कशीबशी म्हणाली. "सर, हा वर्ग माझा आहे."

दुसरा फटका, त्याच जागी. आणि मग आगपेटी पेटली.

"अहो, मेलात ना तुम्ही?" ती ओरडली. "इतकी वर्षं झाली मरून! मेलेल्या माणसाला पोरांच्या हातांचं काय पडलंय एवढं? पोरं आहेत ती, हलणारच! न हललेलं पोर बघायची एवढी हौस होती तर बाहुल्या मांडून बसायचं होतं! लाज नाही वाटत? चाळीस पोरांना दिवसभर मढ्यापुढे बसवलंत आणि तरी पोट भरलं नाही तुमचं? मी बोलावलं, चुकलं माझं. आता मीच हाकलतेय. चालते व्हा! कुठं जायचंय तिकडं जा, पण माझ्या मुलांना पुन्हा हात लावायचा नाही. व्हा बाहेर!"

ओरडून ओरडून तिचा आवाज फाटला. तिसरा फटका येईल म्हणून ती दात आवळून उभी राहिली. आला नाही. खुर्ची कुरकुरली. मुलांच्या नजरा पुन्हा हलल्या, टेबलावरून फळ्याकडे, फळ्यावरून दाराकडे. कडी आपसूक सरकली. दार उघडलं, थोडा वेळ तसंच उघडं राहिलं, आणि तो वास पातळ होत होत गेला.

 मग मागच्या बाकावरून एकाला जोरात उचकी लागली. दुसरा फिसकन हसला. आणि मग काय विचारता! सगळा वर्ग हसत सुटला, कुणी बाकावर चढलं, कुणी रडायलाच लागलं, कुणाच्या कंपासपेटीतलं सगळं सामान खाली सांडलं. बाई खुर्चीला पाठ लावून जमिनीवर बसली आणि तिनं त्या गोंगाटाला थांबवलं नाही. हाताची पाठ काळीनिळी झाली होती. तिला ती बघून बरं वाटत होतं.

मधल्या सुट्टीत खारूताई एका चिमुरडीला ओढत घेऊन आली. समोरचे दोन दात पडलेले, वेणी सुटलेली, एका पायावर उड्या मारणं चालू.

"बाई, ही माझी बहीण. पहिलीत आहे, समोरच्या वर्गात. ही माझ्यापेक्षा जास्त हलते."

"असं का?" बाई म्हणाली. "शाब्बास!"

"बाई," धाकटीनं उडी न थांबवता विचारलं, "तुम्ही घरी गेल्यावर पण बाईच असता का?"

बाई इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी दिवसांनी आईला सांगायला काहीतरी मिळालं होतं.

सुट्टीनंतर पाचवीनं नुसता धिंगाणा घातला. बाईनं झाडाच्या पानाचा धडा सोडून दिला आणि सगळ्यांना आपापल्या घराचा नकाशा काढायला बसवलं. जो तो उठून दुसऱ्याचं घर बघत होता. त्या कोलाहलात तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. काय ते कळेना. मग कळलं. गोंगाट फक्त तिच्याच वर्गाचा होता. बाहेरून, व्हरांड्यातून, काहीच येत नव्हतं.

ती दारात आली. समोर भिंतीला टेकून पहिलीच्या बाई चहा पीत होत्या.

"तुम्ही बाहेर? आणि वर्ग?"

"अगं, गंमतच झालीय!" पहिलीच्या बाई खुशीत म्हणाल्या. "सुट्टीनंतर आत गेले तर सगळी चिडीचूप. इतकी शहाण्यासारखी बसलीत म्हणून सांगू! म्हटलं, बसलीत तर बसू दे, तेवढाच आपला घोटभर चहा."

नवीन बाईनं त्यांना बाजूला सारलं आणि पहिलीचं दार ढकललं.

छोटे छोटे बाक. प्रत्येक बाकावर दोन पोरं, पाय जमिनीपर्यंत न पोचणारे, तरी एकही पाय हलत नव्हता. सगळ्यांचे हात पुढे, तळवे वर. सुट्टीतल्या डब्यातली भाजी एकाच्या ओठांवर तशीच लागलेली, त्यानं ती पुसली नव्हती. तिसऱ्या बाकावर ती दोन दात पडलेली पोर. गाल ओले झाले होते. नाक वाहत होतं. ती श्वाससुद्धा मोजूनमापून घेत होती. डांबराच्या गोळ्यांचा वास खोलीभर दाट पसरला होता.

टक्... टक्...

कुठं जायचंय तिकडं जा. कुणी म्हटलं होतं? तिनंच म्हटलं होतं, छाती काढून, सगळ्या वर्गासमोर. जिथून हाकललं तिथून तो माणूस चार पावलांवर गेला होता, आणि इथे तर हातसुद्धा आणखी लहान होते.

तिनं ओरडायला तोंड उघडलं. पण सकाळच्या ओरडण्यानं घसा पार गेला होता. नुसती हवा आली बाहेर. ती पुढे धावली, टेबलासमोर गेली, आपले हात पसरले. फटका तिला बसला नाही. तो पहिल्या बाकावर बसला, तिच्या पाठीमागे. पोरगं रडलं नाही. फक्त दचकलं, आणि दचकलं म्हणून दुसरा बसला.

कुणीतरी तिचा पदर ओढला. खारूताई होती. कधी मागे मागे आली होती कोण जाणे. ती बहिणीकडे बघत होती, आणि खिशातून काढलेली पट्टी तिच्या हातात होती.

"बाई..." ती अगदी कानाशी कुजबुजली. "त्यांना आमच्याकडे परत बोलवा ना."

बाईनं जोरजोरात मान हलवली. नाही. नाही.

"बोलवा ना, बाई. हिला गप्प बसता येत नाही." पोरीनं पट्टी पुन्हा खिशात ठेवली. "मला येतं आता."

दारात पहिलीच्या बाई कप घेऊन उभ्या होत्या, अजून हसतच. बाईनं पोरीला छातीशी घट्ट धरलं. काय करू, कुणाला विचारू, कुणाचा गळा धरू, असं तिला झालं होतं. पण ते शब्द तिनं उच्चारले नाहीत. ओठसुद्धा हलवले नाहीत.

तरीही पाठीमागे, व्हरांड्याच्या पलीकडे, पाचवीचा गोंगाट मध्येच तुटला.

आणि समोर पहिलीतला एकही हात खाली आला नव्हता.